वन्समोअर द्यायचा नाही

“यंदा ह्यांना वन्समोअर द्यायचा नाही,” रूथवहिनी म्हणाल्या आणि करंज्यांचा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

मी नगरच्या टेलिफोन ऑफिसात होते तेव्हाची गोष्ट. नाताळ तोंडावर आला होता. डबा दिसल्यावर मला धीर धरवत नाही, त्यामुळे एक करंजी आधीच तोंडात गेली होती. ती तशीच तोंडात धरून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“कुणाला म्हणता?”

“कुणाला काय? तुमच्या याकोबदादांना. सव्वीस तारखेला गाणं होईल, तुम्ही सगळे टाळ्या वाजवा, शिट्ट्या मारा, काय हवं ते करा. पण वन्समोअर म्हणायचं नाही. तू म्हणायचं नाहीस आणि कुणाला म्हणू द्यायचं नाहीस.”

मला आधी वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय. तसं ते अधूनमधून बिनसायचं. रॉक वाजवणाऱ्या माणसाशी लग्न केलेली, चर्चमधल्या संडे स्कूलची बाई. भांड्याला भांडं लागणारच. पण वहिनी खुर्चीत बसल्या, पदराने चष्मा पुसला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मागच्या वर्षी वन्समोअर झाल्यावर काय झालं, ते तुम्हाला कुणाला माहीत नाही. मंडपाच्या मागे पडले ते. तोंडाला फेस. मी आणि हमीदभाईंनी रिक्षात घालून नेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही भेटायला आलात, तेव्हा सर्दी झालीय म्हणून सांगितलं मी. ह्यांना स्वतःला काही आठवत नाही, थंडीने चक्कर आली एवढंच सांगितलंय.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एक तास गाऊ दे. पण ते शेवटचं ओरडणं एकदाच. दुसऱ्यांदा केलं तर हृदयाला सोसणार नाही, मी जबाबदार नाही. स्पष्ट म्हणाले.”

“मग दादांनाच सांगा ना, एकदाच गा म्हणून.”

वहिनी हसल्या. चाळीस वर्षं संसार केलेली बाईच असं हसू शकते. “त्यांना सांगू? लोकांनी मागितलं आणि याकोब आल्हाटने दिलं नाही, असं होईल का कधी? उलट मी सांगितलं हे कळलं, तर मुद्दाम तीनदा गातील. म्हणून तुझ्याकडे आले. मागितलंच नाही, तर द्यावं लागणार नाही.”

हे सगळं नव्या माणसाला कळायचं तर ‘फाटक’ काय होतं, ते सांगायला हवं. फाटक म्हणजे नगरचा रॉक बँड. हसू नका. आमच्या गावाला लोक भुईकोट किल्ल्यासाठी आणि दुष्काळासाठी ओळखतात, पण आमच्याकडे रॉक बँड होता आणि तो मुंबईकरांच्या आधीपासून मराठीत गात होता. मिशनच्या शाळेत पियानो शिकलेला याकोब गाण्याला आणि गिटारला, गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान असलेला हमीद ड्रमवर, आणि बास गिटारवर देवराम. गावात तालीम करू लागले, तर शेजारीपाजारी दगड मारायला उठले. म्हणून त्यांनी रेल्वे फाटकाजवळची एक पडीक खोली धरली. मालगाडीच्या खडखडाटात तुमचा ड्रम कोण ऐकतो? तिथेच त्यांनी ते गाणं बांधलं आणि तिथूनच नाव पडलं.

गाणं तसं साधं. “गाडी गेली रे, फाटक उघड, अजून किती वेळ उभा मी अलीकड.” फाटकापाशी ताटकळलेल्या माणसाचं गाणं. शेवटी याकोबदादा “उघड!” अशी हाक द्यायचे आणि ती खेचत खेचत इतकी वर न्यायचे, की आपलाच श्वास कोंडावा. कॉलेजात असताना ती हाक मी पहिल्यांदा ऐकली. घरी माझ्या लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या आणि मला पुढे शिकायचं होतं. त्या हाकेने माझ्या आत काय केलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी वडिलांना ‘नाही’ म्हणाले.

त्यांचा पहिला कार्यक्रम नाट्यगृहात झाला होता. नगरची माणसं नाटकाला सरावलेली. गाणं आवडलं की वन्समोअर द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. असल्या बँडसमोर नाचायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. गाणं संपलं तशी कापडबाजारातल्या बंडू गुगळ्यांनी पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज दिला, “वन्समोअर!” मागून सगळं थिएटर ओरडलं. याकोबदादा गोंधळले, हसले आणि पुन्हा गायले. तेव्हापासून ती रीतच पडली. दर वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी मिशनच्या मैदानावर संध्याकाळी कार्यक्रम. शेवटी ‘फाटक उघड’. ते झालं की हमीदभाई झांजेवर हलका ठेका धरून ठेवणार, दादा आमच्याकडे पाठ करून निघाल्यासारखं करणार, लाइटवाला मोठा हॅलोजन फिरवून प्रेक्षकांवर मारणार, आणि पहिली हाक गुगळ्यांची. ती दुसऱ्या कुणी दिली, तर गुगळे महिनाभर बोलायचे नाहीत त्याच्याशी.

आम्ही फाटकवाले म्हणजे काही हजारोंनी नव्हतो. चारएकशे माणसं असू. पण होतो ते जिवाला जीव देणारे. बँड म्हातारा झाला, दादांचे केस गेले, देवराम वारला आणि त्याच्या जागी त्याचा पुतण्या आला, तरी आम्ही हललो नाही. त्याच्या दोन वर्षं आधी संगमनेरला दादांचा आवाज भर गाण्यात फाटला होता. अगदी चिंधीसारखा. बाहेर आल्यावर आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, “माईकच भिकार होता.” गुगळे तर माईकवाल्याच्या अंगावर धावून गेले. बिचारा माईकवाला! पुढे कुणीतरी टेप आणून दिली, तेव्हा दादांना खरं काय ते कळलं. त्यांनी ती टेप ठेवून दिली. आम्हीही तो विषय काढला नाही. आपल्या माणसाला आपणच सांभाळायचं, असं आमचं होतं.

तेव्हा वहिनींना मी नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

टेलिफोन ऑफिसात असण्याचा फायदा पुढच्या दोन दिवसांत झाला. फाटकवाल्यांतल्या एकूण एक घरी निरोप गेला. काही जण हळहळले, काही रडले, पण सगळ्यांनी कबूल केलं. राहिले गुगळे. त्यांना फोनवर सांगण्याची माझी छाती झाली नाही. मी दुकानात गेले. ते गादीवर बसून गिऱ्हाइकाला परकर दाखवत होते.

“काय म्हणता? वन्समोअर द्यायचा नाही?” ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की गिऱ्हाईक बाई दचकली. “मग मी तिथं यायचं कशाला? शेंगा खायला?”

“गुगळेशेठ, हळू बोला.”

“हळू कसलं बोला! अहो, माझा आयुष्यातला एवढाच तर पराक्रम हाय. दुकान बापाचं, घर बापाचं. तो पहिला वन्समोअर तेवढा माझा स्वतःचा.”

मी त्यांना मंडपामागचं सगळं सांगितलं. फेसाचं, रिक्षाचं, डॉक्टरांचं. गुगळे ऐकता ऐकता परकराची घडी घालत गेले, मोडत गेले, पुन्हा घालत गेले. मग नाक शिंकरून म्हणाले, “नाय देत. जीव राहिला तर वन्समोअर पुढच्या वर्षी देता येईल. पण कुंदाताई, मला तुमच्या शेजारी बसवा. तोंडातून निघालाच, तर हात दाबा माझा.”

सव्वीस तारखेला थंडी मरणाची होती. लोक शाली, कानटोप्या, घोंगड्या घेऊन आले होते. मैदान भरलं होतं, आमचे सगळे होतेच, शिवाय काही नवी तोंडंही होती. दादा काळ्या कोटात आले. माईकसमोर उभे राहून “सलाम, मंडळी” म्हणाले आणि आम्ही नेहमीसारखं “सलाम!” म्हणून ओरडलो.

काय गायले त्या दिवशी! मी उगाच स्तुती करणारी बाई नाही. मागची तीन-चार वर्षं ते रेटून न्यायचे, हे मला दिसत होतं. त्या संध्याकाळी तसं नव्हतं. आवाज खाली आला होता, पण भरला होता. गुगळे माझ्या शेजारी रडत होते आणि शेंगा खात होते. मी वहिनींकडे पाहिलं. त्या बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरून, ओठ हलत होते. प्रार्थना करत असणार.

‘फाटक उघड’ सुरू झालं. शेवटची हाक आली. तिने वर जायला सुरुवात केली आणि मी डोळे मिटले. हाक कुठेही फाटली नाही. संगमनेरची सगळी भरपाई केली त्यांनी. हाक संपली आणि क्षणभर मैदानावर कुणी खोकलंही नाही.

मग टाळ्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या आम्ही. हमीदभाईंनी झांजेवर ठेका धरला. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. दादा पाठ करून दोन पावलं चालले. हळूहळू टाळ्या ओसरल्या. आता वन्समोअरची वेळ होती.

गुगळ्यांनी आपला हात माझ्या हातात दिला. मी तो दाबून धरला. चारशे माणसांनी तोंड बंद ठेवलं. वहिनींनी मान खाली घातली.

आणि मैदानावर लख्ख उजेड पडला.

सगळ्यांना सांगितलं होतं, पण लाइटवाल्याला सांगायचं राहून गेलं होतं. त्याने दर वर्षीसारखा हॅलोजन फिरवला आणि आमच्या तोंडावर मारला. दादा वळले. त्यांना आमचा एकेक चेहरा दिसत असणार. आम्ही काय करत होतो? कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी शाल सारखी करत होतं. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची कुणाचीच हिंमत नव्हती. दिला असता तर तोंडातून शब्द निघाला असता. मीही खाली बघितलं.

हमीदभाई ठेका वाजवत राहिले. छन्‌ छन्‌ छन्‌. दादा उभे.

तेवढ्यात मागून कुणीतरी बाई ओरडली, “वन्समोअर!” पिवळा स्वेटर घातलेली, नवऱ्याबरोबर श्रीरामपूरहून पहिल्यांदाच आलेली. तिला कोण सांगणार? गुगळे ताडकन उठले, मागे वळले, ओठांवर बोट ठेवून दुसऱ्या हाताने खाली बस, खाली बस अशी खूण केली. आजूबाजूच्या दहा जणांनी तिला “श्श!” केलं. ती बिचारी गोरीमोरी होऊन बसली.

मी वर पाहिलं. दादांनी ते सगळं पाहिलं होतं.

“थांब, हमीद,” ते माईकमध्ये म्हणाले. झांज थांबली. त्यांनी गिटार गळ्यातून काढली. “मंडळी, लई वर्षं ऐकलंत. पोटभर दिलंत. आता घरी जा, थंडी आहे.”

आम्ही उठून टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या नगरात कधी वाजल्या नसतील. आम्हाला वाटत होतं, वन्समोअर दिला नाही त्याची भरपाई टाळ्यांनी करू. दादांनी मान लववली आणि ते आत गेले.

मी धावतच मंडपामागे गेले. वहिनी अजून पुढच्या बायकांच्या गराड्यात होत्या. दादा लोखंडी खुर्चीवर बसून फडक्याने गिटारच्या तारा पुसत होते. त्यांनी मला पाहिलं आणि पहिल्यांदा विचारलं, “गुगळ्याची तब्येत बरी आहे ना? घसा बसलाय का त्याचा?”

त्या माणसाने स्वतःच आमच्यासाठी सबब शोधून ठेवली होती.

मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. आता लपवण्यात काय अर्थ होता? कार्यक्रम झाला होता, धोका टळला होता. “दादा, आम्ही ठरवून दिला नाही. वहिनी आल्या होत्या माझ्याकडे. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, दुसऱ्यांदा गायचं नाही, म्हणून. मीच सगळ्यांना फोन केले. तुम्ही काय सुंदर गायलात आज, दादा!”

ते तारा पुसत राहिले. मग माझ्याकडे पाहून हसले. अगदी मायेने.

“संगमनेरला माईक खराब होता, नाही का?” ते म्हणाले.

“दादा, ते वेगळं. हे खरं आहे.”

“कुंदा, तू कॉलेजात होतीस तेव्हापासून येतेस. तुम्ही सगळी भली माणसं आहात. पण मला दिसतं, पोरी. चेहरे दिसले मला आज. खाली बघत होते सगळे. गुगळ्या त्या बाईला गप्प करत होता. आपला माणूस आणखी फजीत होऊ नये म्हणून करतो तसं.”

“अहो, पण टाळ्या ऐकल्यात ना? टाळ्या किती वेळ वाजल्या!”

“टाळ्या निरोपाच्याही असतात,” ते म्हणाले आणि त्यांनी गिटार पेटीत ठेवली.

घरी गेल्यावर वहिनींनी सांगितलं. ते म्हणाले, “तू बायको आहेस. तू दुसरं काय सांगणार?” दुसऱ्या दिवशी गुगळे गेले आणि त्यांच्या पायाशी बसून रडत रडत बोलले. संध्याकाळी हमीदभाईंना घेऊन मी गेले. हमीदभाई आधी माझ्यावरच भडकलेले होते, “मला का नाही बोललात?” म्हणून. पण दादांसमोर त्यांनीही आमचीच री ओढली. मग त्या आठवड्यात एकेक करून कितीतरी फाटकवाले जाऊन आले.

“सगळ्यांची एकच गोष्ट,” दादा मला म्हणाले. “फेस, रिक्षा, डॉक्टर, फोन. शब्दाला शब्द. चांगली बसवलीत तुम्ही.”

“एकच आहे, कारण खरी आहे ना!”

“बरं,” ते म्हणाले. “खरी तर खरी.” आणि त्यांनी मला पेपरमधलं कोडं विचारलं. त्यांच्याशी वाद घालता आला असता, भांडता आलं असतं, पण ते भांडतच नव्हते. माझी समजूत काढल्यासारखं बोलत होते. म्हणजे आम्ही त्यांची समजूत काढायला जायचो आणि ते आमचीच काढायचे.

हा सगळा आमच्याच लाडांचा परिणाम होता. संगमनेरला आमच्यातल्या एकाने जरी तोंडावर सांगितलं असतं, ‘दादा, आज आवाज फाटला,’ तर त्या दिवशी आमच्या शब्दाला काही किंमत राहिली असती. कायम गोड बोलणाऱ्यांचं खरं कुणाला पटत नाही.

शेवटी गुगळ्यांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. जानेवारीतल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर आम्ही साठ-सत्तर जण दादांच्या घरासमोर गोळा झालो. कॉलनीतली माणसं खिडक्यांत आली. गुगळ्यांनी छाती भरून आवाज दिला, “वन्समोअर!” आणि आम्ही सगळे ओरडलो. आम्हाला वाटलं होतं, आता तरी बर्फ वितळेल.

दादा बाहेर आले. अंगावर शाल, हातात चष्मा.

“गुगळे,” ते म्हणाले, “मैदानावर नव्हता, तो आवाज माझ्या दारात कुठून आला?”

“दादा, आईशपथ सांगतो, वहिनींनीच—”

“बास.” त्यांनी हात जोडले. ओरडून जोडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी नीट, वाकून जोडले. “मला गाता येत नाही याचं मला तितकं वाईट वाटत नाही. पण एवढी दया करू नका. सोसवत नाही. या, आत या. चहा घेऊन जा.”

आणि त्यांनी खरंच सगळ्यांना चहा दिला. कप पुरेनात म्हणून शेजारून मागवले. गुगळे कप हातात धरून फाटकाशी उभे होते, चहा गार होईपर्यंत. त्यानंतर मी त्यांचा तो मोठा आवाज कधी ऐकला नाही. दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा ते हळू बोलायला लागले.

पुढच्या नाताळला कार्यक्रम झाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मैदानावर पोरं टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायला लागली. हमीदभाईंनी ड्रम एका लग्नाच्या बँडवाल्याला देऊन टाकले. दादांनी गिटार चर्चच्या तरुण मंडळाला दिली आणि पुन्हा कधी हातात घेतली नाही.

आणि दादा जगले. वहिनींना हवे होते तसे जगले. सकाळी स्टेशनपर्यंत चालून यायचे, गोळ्या वेळेवर घ्यायचे, भाजी आणायचे, शेजारच्या मुलांना गणित शिकवायचे. चेहऱ्यावर तेज आलं होतं. त्यांना रस्त्यात बघून नवा माणूस म्हणाला असता, काय छान म्हातारपण आहे! पण ते गात नव्हते. चर्चमध्ये गीतांचं पुस्तक उघडून उभे राहायचे, ओठ हलायचे. वहिनी शेजारी असायच्या, त्यांना कळायचं की आवाज नाही.

एकदा बाजारात वहिनी भेटल्या. मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाल्या, “माझं मागणं देवाने ऐकलं हं, कुंदा. शब्दाला शब्द ऐकलं. ह्यांना जगव, एवढंच म्हटलं होतं मी.” त्यांनी जुडी ठेवून दिली आणि न घेताच निघून गेल्या.

असं दहा-अकरा वर्षं चाललं. मग एका थंडीत दादांच्या छातीत कफ साठला, त्याचा न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात ते गेले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं दणकट हृदय आम्ही क्वचित बघतो. शेवटपर्यंत तेवढंच काम करत होतं. वहिनी ते ऐकून खाली बसल्या.

दफनविधीला फाटकवाले आले होते. आता आम्ही उरलो होतो ते पन्नासेक. गुगळे त्याआधीच वारले होते. पाळकसाहेबांनी दादांबद्दल चांगलं सांगितलं. मुलांना गणित शिकवायचे, असं सांगितलं. त्यांनी गायलेलं पाळकसाहेबांनी ऐकलंच नव्हतं, नवीन होते ते.

तिसऱ्या दिवशी मी वहिनींकडे पिठलं-भाकरी घेऊन गेले. घरात पाहुणे होते, पण दुपारी सगळे लवंडले आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. मी ताट वाढलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला.

“जायच्या आदल्या दिवशी चांगली शुद्ध होती ह्यांना,” त्या म्हणाल्या. “दुपारी मी एकटीच होते जवळ. एकदम म्हणाले, ‘रूथ, त्या दिवशी लोकांनी वन्समोअर का दिला नाही गं?’ मी म्हटलं, ‘मी नको म्हटलं होतं त्यांना. तुमच्या काळजीने.’ नेहमी सांगायचे तसंच. हजारदा सांगितलं असेल मी, कुंदा. तू सांगितलंस, गुगळेभाऊंनी सांगितलं. आणि हे नेहमी काय म्हणायचे? ‘बरं,’ म्हणायचे.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी माझ्याकडे बघत राहिले. खूप वेळ. मग म्हणाले, ‘खरंच? तू सांगितलं होतंस?’ मी म्हटलं, ‘हो, मीच.’ तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पटलं, कुंदा. एवढ्या वर्षांनी पटलं. का पटलं, देव जाणे.”

मी त्यांचा हात धरला.

“म्हणाले, ‘मग आवडलं होतं लोकांना?’ म्हटलं, ‘खूप.’ म्हणाले, ‘अगं मग मला आधी सांगायचं ना. अजून थोडी वर्षं गायलो असतो.’”

“तुम्ही काय म्हणालात त्यावर?” मी विचारलं.

वहिनींनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“काय म्हणणार? म्हटलं, चुकलंच माझं. सांगायचं राहून गेलं.”